मुदत संपली म्हणजे नेमकं काय संपलं?

पानगळ

नमस्कार मंडळी. एक प्रश्न गेले आठ दिवस डोक्यात घोळतोय. इथल्या जाणकारांनी समजावून सांगावा.

माझ्याकडे कामाचे दोन प्रोग्रॅम आहेत. एक नकाशे काढायचा, दुसरा पीडीएफ जोडायचा-तोडायचा. दोन्ही पैसे मोजून घेतलेले आणि दोन्हींच्या पावतीवर "एक वर्ष" असंच लिहिलेलं. गेल्या वर्षी पीडीएफवाल्याची मुदत संपत आली तेव्हा स्क्रीनवर सूचना यायला लागल्या. कामाच्या धबडग्यात माझं दुर्लक्ष झालं. तारीख उलटून गेली आणि काहीच झालं नाही, प्रोग्रॅम आजही पूर्वीसारखा चालतोय. त्यामुळे यंदा नकाशेवाल्याने "११ दिवस शिल्लक" असा लाल पट्टा दाखवला तेव्हा वाटलं, हाही तसाच असणार. बाराव्या दिवशी सकाळी फाईल उघडली. नकाशा दिसत होता, पण एक रेघ हलेना की सेव्ह होईना. त्याच संध्याकाळी काम पोचवायचं कबूल केलं होतं. पैसे भरून नवा कोड हातात यायला चार दिवस गेले. दिलेला शब्द मोडला याचं फार वाईट वाटलं.

मग पावती नीट पाहिली. नवं वर्ष पैसे भरल्या दिवसापासून धरलेलं नाही, जुनी मुदत संपली तिथपासून धरलंय. म्हणजे प्रोग्रॅम बंद होता त्या चार दिवसांचेही पैसे माझ्याकडून घेतले.

दोन्हींची मुदत वर्षाचीच, तर एक बंद पडला आणि दुसरा का नाही? त्या चार दिवसांचे पैसे घेणं रीतीला धरून आहे का? आणि पुढच्या वर्षी ऑटो-रिन्यूअल, म्हणजे आपोआप पैसे कापून मुदत वाढवणं, चालू ठेवू की नको?

टिंबटिंब

वाचतोय. चार दिवसांच्या प्रश्नाचं उत्तर मलाही हवंय.

सुतारपक्षी

पानगळ, मी गेली बरीच वर्षं सॉफ्टवेअर लिहितो आणि लायसन्स तपासणारा भागही माझ्याकडेच असतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

"एक वर्षाचं लायसन्स" या एकाच नावाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. पहिलीत *वापरण्याचा हक्क* वर्षाचा असतो. वर्ष संपलं की वापर थांबला. दुसरीत वापरण्याचा हक्क कायमचा असतो, वर्षाची मुदत असते ती *अपडेट आणि मदत मिळण्याच्या हक्काला*. तुमचा नकाशेवाला पहिल्या जातीचा, पीडीएफवाला दुसऱ्या. स्क्रीनवरची सूचना दोन्हींत जवळपास सारखीच दिसते. माझ्या मते हा आमच्या व्यवसायाचाच दोष आहे. ग्राहकाने हे ओळखायचं कसं?

आतलं काम असं चालतं. लायसन्स म्हणजे बहुतेक वेळा एक छोटी फाईल किंवा लांबलचक कोड असतो. त्यात तुमचं नाव, कुठलं प्रॉडक्ट, किती मशीनसाठी आणि एक तारीख एवढं लिहिलेलं असतं. खाली कंपनीची डिजिटल सही असते. तारखेतला एक आकडा जरी बदलला तरी सही जुळत नाही आणि प्रोग्रॅम ती फाईल नाकारतो. आता पहिल्या जातीत प्रोग्रॅम *आजची तारीख* फाईलमधल्या तारखेशी ताडून बघतो. दुसऱ्या जातीत तो आजची तारीख बघतच नाही. तो *स्वतःची जन्मतारीख*, म्हणजे ती आवृत्ती कंपनीने तयार केली तो दिवस, फाईलमधल्या तारखेशी ताडतो. तुमचा पीडीएफवाला तुमची मुदत चालू असताना जन्मला होता, म्हणून तो पुढेही चालत राहणार. मुदतीनंतर जन्मलेली आवृत्ती मात्र त्याच लायसन्सवर उघडणार नाही.

तारीख उलटली की किती बंद पडायचं, हेही ज्याचं त्याने ठरवलेलं असतं. काही प्रोग्रॅम दारच उघडत नाहीत. काही तुमच्यासारखं बघू देतात, छापू देतात, पण बदल करू देत नाहीत. मायक्रोसॉफ्ट ३६५ चं वर्ड-एक्सेल याच पद्धतीने वागतं. काही जण वर थोडे सवलतीचे दिवस देतात.

पानगळ

सुतारपक्षी, मनापासून आभार. "जन्मतारीख" म्हटल्यावर डोक्यात लख्ख प्रकाश पडला. म्हणजे पीडीएफवाला अपडेट करायला गेले तर?

जुनीवही

करू नका! हेच लिहायला आले होते.

माझं असंच होतं. मुदत संपलेली, प्रोग्रॅम मजेत चाललेला. एक दिवस "नवी आवृत्ती उपलब्ध" अशी खिडकी आली आणि सवयीने "हो" वर बोट गेलं. नवी आवृत्ती बसली आणि म्हणाली, तुमचं लायसन्स या आवृत्तीला लागू नाही. आता जुनी परत बसवायची तर कंपनीच्या साईटवर फक्त ताजी आवृत्ती होती. सपोर्टला मेल केला, तर उत्तर आलं की सपोर्टची मुदत संपली आहे. जुना इन्स्टॉलर (प्रोग्रॅम बसवायची फाईल) कपाटातल्या एका पेन-ड्राइव्हवर सापडला म्हणून वाचले. तो नसता तर कायमचं लायसन्स हातात असून उपयोग शून्य.

तेव्हापासून प्रत्येक विकत घेतलेल्या प्रोग्रॅमचं एक फोल्डर करते. त्यात इन्स्टॉलर, लायसन्सची फाईल किंवा कोड, पावती आणि कंपनीचा पहिला मेल. आणि मुदत संपण्याच्या आदल्या आठवड्यात त्या दिवसापर्यंतची शेवटची आवृत्ती उतरवून त्याच फोल्डरमध्ये ठेवते, कारण तिच्यावर आपला हक्क असतो. आपोआप अपडेट होण्याची खूणही तेव्हाच काढून टाकते.

भिरभिरं

जुनीवही यांना +१. वाचनखूण साठवली.

रातवा

मी एका मोठ्या संस्थेत आयटी बघतो. शंभराच्या वर लायसन्सं, प्रत्येकाची तारीख वेगळी. आमच्याकडे त्या तारखांना "वाढदिवस" म्हणतात. सामायिक कॅलेंडरवर नव्वद, साठ आणि तीस दिवस आधी घंटा वाजते. नवीन आलेल्या मुलीने पहिल्याच आठवड्यात सगळ्यांना विचारलं होतं, "उद्या डेटाबेसचा वाढदिवस आहे, काही आणायचं का?" तिच्यासकट सगळे खूप हसलो होतो.

नव्वद दिवस आधी यासाठी, की कोटेशन, मंजुरी, खरेदी, कोड येणं यात महिना सहज जातो. पानगळ यांचे चार दिवस गेले ते याच वाटेवर.

आता त्या चार दिवसांबद्दल. नूतनीकरण जुन्या मुदतीला जोडूनच धरायचं ही सर्रास रीत आहे. तिचा फायदा ग्राहकालाही होतो, कारण तुम्ही वीस दिवस *आधी* पैसे भरले तर ते वीस दिवस वाया जात नाहीत, नवं वर्ष जुनं संपल्यावरच सुरू होतं. ही रीत दुसऱ्या जातीच्या, म्हणजे अपडेट-सपोर्टच्या लायसन्सला मला रास्तही वाटते. समजा मी सहा महिने सपोर्ट बंद ठेवला आणि मग भरला. त्या सहा महिन्यांत कंपनीने केलेली सगळी दुरुस्ती मला एका दिवसात मिळणार. मग मधल्या काळाचे पैसे मागितले तर तक्रार कशी करू? काही ठिकाणी त्यावर खंडानंतर पुन्हा सुरू करण्याचं वेगळं शुल्कही लावतात. खंड फार मोठा असला तर थेट नवीन लायसन्स घेणं स्वस्त पडतं का, हे मी प्रत्येक वेळी मांडून बघतो.

पण पानगळ यांचा प्रोग्रॅम तर बंद होता. जो वापर मिळालाच नाही त्याचे पैसे मागे जाऊन लावणं मला पटत नाही. लेखी विचारा. आमच्या बाबतीत दोनदा असं झालं आणि दोन्ही वेळा शांतपणे लिहिल्यावर तारीख पुढे सरकवून मिळाली.

अनेक लायसन्सं असतील तर आणखी एक गोष्ट मागून घ्या. सगळ्यांची तारीख एकच करून द्या म्हणावं. मधल्या दिवसांचे प्रमाणात पैसे घेऊन बहुतेक विक्रेते ते करतात.

काटेसावर

सगळ्यांचे प्रतिसाद माहितीपूर्ण आहेत, पण मूळ दुखण्यावर कुणी बोट ठेवत नाही. मुळात ही मुदत आलीच कुठून?

एके काळी सॉफ्टवेअर एकदा विकत घेतलं की आपलं असे. नवी आवृत्ती हवी असेल तर पुन्हा पैसे द्यायचे, नको असेल तर जुनी वापरायची. निर्णय ग्राहकाचा होता. अॅडोबीने मे २०१३ मध्ये जाहीर केले की क्रिएटिव्ह सूटची (फोटोशॉप वगैरे प्रोग्रॅमच्या संचाची) पुढची आवृत्ती येणार नाही, यापुढे फक्त वर्गणी. ऑटोकॅडवाल्या ऑटोडेस्कने २०१६ मध्ये बहुतेक प्रॉडक्टची कायमची लायसन्सं विकणे थांबवले. व्हीएमवेअर ही आभासी मशीनं (एका मशीनमध्ये चालणारी अनेक मशीनं) चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची कंपनी ब्रॉडकॉमने विकत घेतल्यावर डिसेंबर २०२३ मध्ये तिथेही तेच झाले. मी क्रिएटिव्ह सूटची सहावी आवृत्ती, सीएस६, विकत घेतली होती, २०१२ मधली. ती मी वर्षानुवर्षे वापरली आणि एका पैशाचेही कुणाला देणे लागलो नाही. आज तेच काम करायला दरवर्षी पैसे भरा. भरणे थांबवले की वीस वर्षे भरले असतील तरी हातात काही उरत नाही. मी केलेली चित्रे माझी आहेत, पण ती उघडायला तुमची परवानगी लागते, हे मला अन्यायाचे वाटते आणि ते तसे म्हणायला हवे.

सुतारपक्षी

काटेसावर, तुमचा राग समजतो आणि अर्धा पटतोही. दुसरी अर्धी बाजू मांडतो.

प्रोग्रॅम लिहून झाला की काम संपत नाही. खालची जमीन हलत असते. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, नव्या प्रोसेसरची मशीनं आली, स्क्रीनची घनता बदलली, सुरक्षेची छिद्रं सापडत राहतात. २०१२ चा प्रोग्रॅम चालू ठेवायला कुणीतरी दरवर्षी राबावं लागतं. एकदाच पैसे घेतले तर त्या राबणाऱ्याचा पगार फक्त नव्या ग्राहकांकडून येतो. मग कंपनी जुन्यांची दुरुस्ती सोडून नव्यांना भुलवणारी बटणं जोडत बसते. मी अशा टीममध्ये काम केलंय. वर्गणी आल्यावर आम्हाला पहिल्यांदा जुन्या चुका दुरुस्त करायला वेळ मिळाला.

पण भरणं थांबवल्यावर हातात काहीच न उरणं, हे मलाही चूक वाटतं. यावर चांगला तोडगा आहे. प्रोग्रॅमरांची साधनं बनवणाऱ्या जेटब्रेन्सने २०१५ मध्ये वर्गणी आणली तेव्हा प्रोग्रॅमर मंडळींनी मोठा आरडाओरडा केला. कंपनीने ऐकलं. सलग बारा महिने भरलेत, तर त्या बारा महिन्यांच्या सुरुवातीला जी आवृत्ती होती ती कायमची तुमची. वर्गणी बंद केली तर तुम्ही वर्षभर जुन्या आवृत्तीवर याल, रस्त्यावर येणार नाही. सब्लाइम टेक्स्ट या कोड लिहायच्या एडिटरचं वैयक्तिक लायसन्स तीन वर्षांच्या अपडेटसह मिळतं. त्या काळात आलेल्या आवृत्त्या पुढेही वापरता येतात. नवीन काही घ्यायचं असेल तर मी पहिला प्रश्न हाच विचारतो, थांबलो तर मी कुठल्या आवृत्तीवर येणार?

काटेसावर

जेटब्रेन्सची ही पद्धत मला माहीत नव्हती. हे न्याय्य आहे. सगळ्यांनी असे केले तर माझा विरोध राहणार नाही.

कलमदान

कायद्याच्या अंगाने थोडं. "विकत" आणि "मुदतीने" यातला फरक शब्दांपुरता नाही. ३ जुलै २०१२ ला युरोपीय संघाच्या न्यायालयाने युज्डसॉफ्ट (वापरलेली लायसन्सं पुन्हा विकणारी कंपनी) विरुद्ध ओरॅकल या खटल्यात निकाल दिला. पैसे देऊन *अमर्याद काळ* वापरण्याचा हक्क घेतला असेल तर ती विक्रीच, मग ती प्रत इंटरनेटवरून उतरवलेली का असेना. तुम्ही ती दुसऱ्याला विकू शकता, फक्त स्वतःकडची प्रत निकामी करायला हवी. हा सगळा निकाल "अमर्याद काळ" या शब्दांवर उभा आहे. लायसन्सला मुदत घातली की ते भाड्यासारखं होतं आणि पुन्हा विकण्याचा हा आधार राहत नाही. म्हणून ती एक तारीख इतकी महत्त्वाची.

कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून असा कायदा आहे, की डिजिटल वस्तूचं फक्त लायसन्स देत असाल तर ते ग्राहकाला स्पष्ट सांगितल्याशिवाय "खरेदी करा" असे शब्द वापरता येत नाहीत. शब्दाला जागायला लावणारा कायदा म्हणून मला तो फार आवडला.

ओसरी

ऑटो-रिन्यूअलबद्दल कुणीच बोललं नाही, मी बोलते. माझा अनुभव अँटिव्हायरसचा. पहिलं वर्ष घसघशीत सवलतीत मिळालं. कार्डाचा नंबर देताना ऑटो-रिन्यूअलची खूण आधीच केलेली होती. पुढच्या वर्षी मूळ दराने पैसे कापले गेले, पहिल्या वर्षाच्या दुपटीहून जास्त. तेही मुदत संपायच्या चांगले तीन आठवडे आधी! मी "शेवटच्या दिवशी बघू" म्हणत होते आणि तो दिवस उजाडायच्या आधीच व्यवहार होऊन गेला. अटींमध्ये ते लिहिलेलं होतं हे नंतर कळलं. परत मागितले आणि मिळाले, कारण परताव्याच्या मुदतीत होते.

आता मी असं करते. घेतल्या दिवशीच ऑटो-रिन्यूअल बंद करते. बहुतेक ठिकाणी बंद केलं तरी भरलेल्या मुदतीपर्यंत प्रोग्रॅम चालतोच, हे अनेकांना ठाऊक नसतं. लोक घाबरून चालू ठेवतात. मग मुदत संपायच्या महिनाभर आधी आजचा दर काय आहे ते बघून ठरवते.

आणि फोनवरच्या अॅपचं वेगळं सांगते. अॅप काढून टाकलं म्हणजे वर्गणी बंद होत नाही. अॅप-स्टोअरच्या खात्यात जाऊन वेगळी बंद करावी लागते. अॅपल तर नूतनीकरणाच्या किमान एक दिवस आधी रद्द करा असं सांगतं. माझ्या सासूबाईंनी अॅप काढलं होतं आणि सात महिने पैसे जात होते.

रातवा

ओसरीताई, घरगुती वापराला तुमचं बरोबर. कामाच्या प्रोग्रॅमला मात्र मी उलट सल्ला देईन. ज्याच्यावाचून हात अडतो, ते चालू ठेवा. विसरण्याची किंमत दरातल्या फरकापेक्षा मोठी असते. फक्त कार्डाची मुदत तपासा! आमचं एकदा ऑटो-रिन्यूअल चालू होतं, पण मधे कार्ड बदललं होतं. पैसे कापले गेले नाहीत, सूचनेचे मेल संस्था सोडून गेलेल्या माणसाच्या पत्त्यावर जात राहिले, आणि एका सोमवारी अख्खा विभाग थांबला.

म्हणून लायसन्स कधीही एका माणसाच्या मेलवर घेऊ नका. दोघातिघांना दिसेल असा पत्ता ठेवा.

कलमदान

"वार्षिक, पण हप्ता मासिक" या प्रकाराकडेही लक्ष असू द्या. दर महिन्याचा वाटतो, करार वर्षाचा असतो. मधेच सोडलं तर उरलेल्या रकमेचा काही भाग भरावा लागतो. अमेरिकेच्या एफटीसीच्या (ग्राहकांचं हित बघणाऱ्या व्यापार आयोगाच्या) तक्रारीवरून जून २०२४ मध्ये अॅडोबीवर दावा लागला तो याच मुद्द्यावर, की मधेच सोडल्यास लागणारं शुल्क ग्राहकापासून दडवलं गेलं असा आरोप होता. बटण दाबण्याआधी "रद्द केल्यास" हा परिच्छेद शोधून वाचावा.

टिंबटिंब

एक भाबडा प्रश्न. प्रोग्रॅम आजची तारीख बघत असेल, तर कॉम्प्युटरचं घड्याळच मागे केलं तर?

सुतारपक्षी

दहापैकी नऊ जणांच्या मनात येतो, त्यात भाबडं काही नाही. प्रोग्रॅम शेवटचा कधी चालला ती वेळ लपवून नोंदवून ठेवतो. घड्याळ त्याच्या मागे गेलं की त्याला कळतं. शिवाय अनेक प्रोग्रॅम अधूनमधून कंपनीच्या सर्व्हरला विचारतात. मायक्रोसॉफ्ट ३६५ ला साधारण महिन्यातून एकदा तरी इंटरनेट लागतं. आणि घड्याळ मागे असलेल्या मशीनवर सुरक्षित वेबसाईट उघडायला त्रास होतो, बॅकअपचा क्रम बिघडतो. करू नका. लायसन्सच्या अटी मोडतात, ते वेगळंच.

रातवा

घड्याळ मागे करण्यावरून आठवलं. १२ ऑगस्ट २००८. व्हीएमवेअरच्या ईएसएक्स (आभासी मशीनं चालवणारं सॉफ्टवेअर) ३.५ अपडेट २ मध्ये चाचणीच्या काळातली मुदत काढून टाकायची राहून गेली होती. त्या दिवशी, पूर्ण पैसे भरलेल्या ग्राहकांकडेही, बंद असलेली आभासी मशीनं सुरू होईनात. चालू होती ती चालू राहिली, पण एकदा बंद केलं की संपलं. दुरुस्ती येईपर्यंत लोकांनी खरोखरच होस्टचं (ती आभासी मशीनं ज्याच्यावर चालतात त्या मशीनचं) घड्याळ दोन दिवस मागे नेऊन काम भागवलं. कंपनीने माफी मागितली. ग्राहकाची काहीही चूक नसताना तारीख कशी घात करते, याचं हे उदाहरण मी नव्या मुलांना हमखास सांगतो.

भिरभिरं

जरा अवांतर होईल, पण ४ मे २०१९ ला फायरफॉक्स ब्राउझरची सगळी अॅड-ऑन (वरून जोडलेली छोटी साधनं) एकाएकी बंद पडली होती, ती पण मुदतीनेच ना?

सुतारपक्षी

हो, पण ती लायसन्सची नव्हे, सर्टिफिकेटची, म्हणजे डिजिटल सही खरी आहे याची खात्री देणाऱ्या दाखल्याची. अॅड-ऑनवर मोझिलाची सही असते, ती तपासणाऱ्या साखळीतलं एक सर्टिफिकेट संपलं. डिसेंबर २०१८ मध्ये ब्रिटनच्या ओटू कंपनीचं मोबाईल इंटरनेट दिवसभर गेलं, तेही एरिक्सनच्या सॉफ्टवेअरमधलं सर्टिफिकेट संपल्यामुळे. इतक्या मोठ्या कंपन्यांनाही स्वतःच्या तारखा लक्षात ठेवणं अवघड जातं.

जुनीवही

तारखेबद्दल एक राहिलं. "३१ पर्यंत" म्हणजे कुणाच्या घड्याळाने? माझा एक प्रोग्रॅम भर कामात बंद झाला. सर्व्हर युटीसीने (जागतिक प्रमाणवेळेने) मोजत होता, आणि त्याची मध्यरात्र माझ्या कामाच्या वेळेत आली. आता मी शेवटचा दिवस धरतच नाही, आदल्या दिवशी मुदत संपते असं समजून चालते.

माजघर

मुदत संपल्यावर *माझ्या फायलींचं* काय होतं, हा मला सगळ्यात मोठा प्रश्न वाटतो. वडील आजारी असताना मी हिशोबाच्या ऑनलाइन प्रोग्रॅमची वर्गणी भरायची विसरले. तीन महिन्यांनी परत आले तेव्हा खातं होतं, पण चौदा वर्षांच्या नोंदी पुसल्या जाण्याच्या रांगेत होत्या. अटींप्रमाणे आणखी काही दिवसांनी गेल्याच असत्या. तिथल्या एका मुलीने फोनवर थांबून, मला धीर देत, सगळ्या नोंदी उतरवून घ्यायला मदत केली. तिचे उपकार मी विसरणार नाही.

तेव्हापासून दर महिन्याच्या शेवटी सगळं सीएसव्ही (कुठेही उघडणारी साधी तक्त्याची फाईल) आणि पीडीएफमध्ये उतरवून ठेवते. प्रोग्रॅम भाड्याचा असला तरी चालेल, नोंदी मात्र घरात हव्यात.

काटेसावर

माजघर यांचा प्रतिसाद वाचून गलबलून आले. हेच मला म्हणायचे होते, मला इतके नेमके सांगता आले नाही.

ज्यांना जमेल त्यांनी मुक्त सॉफ्टवेअरचाही विचार करावा. लिबर ऑफिस, ब्लेंडर, इंकस्केप यांना मुदतच नाही. जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या लायसन्सची (तिसऱ्या आवृत्तीची) अट पाळलीत तर दिलेली परवानगी मागे घेतली जात नाही, असे त्यातच लिहिलेले आहे. ओपनडॉक्युमेंट हा कागदपत्रांच्या फाईलचा २००६ पासून आयएसओचा मानक प्रकार आहे, त्यातली फाईल कुणा एका कंपनीवर अवलंबून नाही.

ओसरी

काटेसावर, अनुमोदन, पण सगळ्यांना नाही जमत. माझी नवऱ्याकडून लिबर ऑफिसची शिकवणी चालू आहे. पत्रं आणि साधे तक्ते मस्त होतात. ऑफिसातून येणाऱ्या मॅक्रोवाल्या (आत छोटे प्रोग्रॅम लिहिलेल्या) फायली मात्र बिघडतात. मी घरी एक आणि कामाला दुसरं असं ठेवलंय.

बरं, अजून एक सावधगिरी. "तुमचं अँटिव्हायरस रिन्यू झालं, एवढे पैसे कापले, रद्द करायचं तर या नंबरवर फोन करा" असे मेल येतात. ते खोटे असतात. फोन केला की कॉम्प्युटरचा ताबा मागतात. मेलमधल्या नंबरवर कधीही फोन करू नका. स्वतः प्रोग्रॅम उघडून त्यातली तारीख बघा, बँकेचं खातं बघा.

रातवा

आणि मशीन बदलताना आधी जुन्या मशीनवरचं लायसन्स "डीअॅक्टिव्हेट" करा, मग फॉरमॅट मारा. नाहीतर कंपनीच्या नोंदीत ती जागा अडकून राहते आणि नवीन मशीनवर "मर्यादा संपली" असं उत्तर येतं. मशीन आधीच मेलं असेल तर कंपनीला कळवलं की जागा मोकळी करून देतात, दिवस जातात एवढंच.

पानगळ

मंडळी, चार दिवसांनी परत आले. तुमच्या सगळ्यांच्या प्रतिसादांची प्रिंट काढून टेबलावर ठेवली होती.

पहिलं म्हणजे दोन्ही प्रोग्रॅमचे मूळ मेल शोधले. नकाशेवाल्याच्या मेलमध्ये "टर्म लायसन्स, एक्स्पायरी" अशी तारीख आहे. पीडीएफवाल्याच्या मेलमध्ये "पर्पेच्युअल" (कायमचं) आणि खाली "मेंटेनन्स एंड" (अपडेट-मदतीचा शेवट). पहिल्या दिवसापासून लिहिलेलं होतं, पण याचा अर्थ सांगणारं कुणी भेटलं नव्हतं. पीडीएफवाल्याची माझ्या हक्काची शेवटची आवृत्ती उतरवून जुनीवहींसारखं फोल्डर केलं.

रातवा यांनी सांगितल्याप्रमाणे कंपनीला लिहिलं. कुठल्या दिवशी बंद पडलं, कुठल्या दिवशी कोड आला, स्क्रीनचा फोटो, सगळं जोडलं. तीन दिवसांनी उत्तर आलं. चार दिवस पुढे वाढवून दिले आणि नवी लायसन्स फाईलही पाठवली. खरं सांगते, चार दिवसांचं एवढं काही नव्हतं. आपलं म्हणणं कुणीतरी ऐकून घेतलं, याचा आनंद झाला. नकाशेवाल्याचं ऑटो-रिन्यूअल चालू ठेवतेय, पण मेलचा पत्ता बदलून माझा आणि सहकाऱ्याचा सामायिक केला. आणि माजघर यांचं वाचून सगळे नकाशे काल रात्री पीडीएफ आणि डीएक्सएफमध्येही (इतर प्रोग्रॅममध्ये उघडणारा आराखड्यांच्या फाईलचा प्रकार) उतरवून ठेवले. बारा वर्षांचं काम आहे ते.

माजघर

छान केलंत पानगळ.

टिंबटिंब

मीही माझा जुना मेल शोधला. फोटो आवरायच्या प्रोग्रॅमचा. "एक्स्पायरी" च्या जागी "पर्पेच्युअल" लिहिलंय आणि "मेंटेनन्स एंड" परवाची तारीख आहे. म्हणजे परवानंतरही चालेल ना?

सुतारपक्षी

चालेल. फक्त आजची शेवटची आवृत्ती आजच उतरवून ठेवा. परवा नाही, आजच.

टिंबटिंब

उतरवतोय. ६२ टक्के झालं.